बिनखुणेची माणसं

आमच्या सरांनी स्ट्रिंग शिकवली ती लिंबू-मिरचीवर. अंबडला कोर्टाच्या मागच्या गल्लीत, एका पेंडीच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. मशिनं महागाची आणि सरांचा नजर लागण्यावर पूर्ण विश्वास, त्यामुळे दर शनिवारी क्लासच्या दारावर ताजी लिंबू-मिरची लागायची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ती दारावरून काढली, टेबलावर आडवी ठेवली आणि म्हणाले, "ही स्ट्रिंग. दोऱ्यात ओवलेलं सगळं म्हणजे स्ट्रिंग. इथं लिंबू-मिरच्या हैत, मशिनीत अक्षरं असतेत. आता मला डावीकडून एक पायजे. काय येईल?"

"लिंबू," आम्ही म्हणालो.

"उजवीकडून दोन?"

"मिरच्या."

"बास. अर्धा कोर्स झाला तुमचा." मग त्यांनी लिंबू-मिरची पुन्हा दाराला बांधली आणि हात धुऊन आले.

ही सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. मी तीर्थपुरीहून एसटीनं अंबडला जायची. बारावी झाली होती, ताईचं लग्न ठरत आलं होतं, आणि तोवर धाकटीनं घरात बसून डोकं खाऊ नये म्हणून अण्णांनी मला सहा महिन्यांच्या कोर्सला घातलं. अण्णा म्हणजे माझे वडील. घरची शेती, आणि गावात त्यांची ओळख शब्दाचे पक्के अशी. या पक्केपणाचा त्रास गावाला फारसा नव्हता. तो सगळा आमच्या वाट्याला यायचा.

क्लासमध्ये चपला बाहेर काढून जायचं. मशिनींना शिवून घेतलेले फुलाफुलांचे अभ्रे असायचे आणि ते काढण्याचा मान पाळीपाळीनं मिळायचा. अर्धा वेळ लाईट गेलेली असायची. लाईट गेली की सर म्हणायचे, "कागदावर लिहा, प्रोग्रॅमला वीज लागत न्हाई." मग आम्ही पेंडीच्या वासात, घाम पुसत, फॉक्सप्रो नावाच्या त्या भाषेतल्या आज्ञा वहीत लिहीत बसायचो. लाईट आली की सगळे एकदम मशिनीवर तुटून पडायचो.

बाकीच्यांना आकडेमोड आवडायची. व्याज काढ, टक्केवारी काढ, पगारपत्रक कर. मला त्यात काडीचा रस नव्हता. आकड्यांना काय, एकात एक मिळवले की दोनच होणार, त्यात कसली मजा? मला आवडायच्या त्या स्ट्रिंगा. नाव घ्यायचं, त्याचा शेंडा तोडायचा, बूड तोडायचं, दुसऱ्या नावाला जोडायचं. पहिल्या दिवशी मी ताईच्या नावाचा मागचा अर्धा भाग आमच्या म्हशीच्या नावाला लावला आणि मोठ्या अक्षरांत छापून घरी नेला. ताई दोन दिवस बोलली नाही.

चिन्हांचंही मला भारी अप्रूप वाटायचं. त्या भाषेत डॉलरचं चिन्ह होतं, पण त्याचा पैशाशी काही संबंध नव्हता. एक स्ट्रिंग दुसरीच्या पोटात आहे का, हे विचारायला ते वापरायचे. सरांनी मतदारयादीसारखी एक लांबलचक नावांची फाइल सरावाला दिली होती. मी विचारलं, "राव" कुणाकुणाच्या पोटात आहे? मशीननं अर्धी फाइल बाहेर काढली. मग विचारलं, "बाई" कुणाच्या? तर मोजक्या चारदोन निघाल्या. मी सरांना म्हटलं, "सर, मशीन बिघडली वाटतं." सर म्हणाले, "मशीन बराबर हाय. यादी करणारे बापे हैत." त्यावर आम्ही तिघी मुली खूप हसलो आणि मुलं गप्प बसली.

मराठीची गंमत तर वेगळीच. सरांच्या एका मशिनीत मराठी लिहिण्याचं जास्तीचं कार्ड बसवलेलं होतं. त्यावर क ला काना दिला की मशीन ती दोन अक्षरं मोजायची, वेलांटी दिली तरी दोन. माझं तीन अक्षरी नाव तिच्या हिशेबानं सहाचं निघालं. नाव आठावर तोडा म्हटलं की ती बिनदिक्कत तोडायची, मग कुणाचा काना या ओळीत राहायचा आणि कुणाची मात्रा पार गळून जायची. शिवाय नावासाठी जेवढी जागा नेमून दिली तेवढी ती भरणारच, नाव लहान असलं तर मागं मोकळ्या जागा जोडून. त्या छाटायला वेगळी आज्ञा होती. ती विसरलं की नाव एका कडेला आणि आडनाव पार दुसऱ्या कडेला, रुसल्यासारखं. मी हे सगळं भराभर शिकले. पहिल्यांदाच असं काहीतरी मिळालं होतं जे मला जमतं आणि घरात कुणालाच येत नाही.

कोर्स संपताना सरांनी मला थांबवून घेतलं. म्हणाले, औरंगाबादला वर्षाचा मोठा कोर्स आहे, तू जायला पाहिजे, तुझ्यासाठी मी बोलतो. औरंगाबादला माझी मावशी राहायची, म्हणजे राहण्याचाही प्रश्न नव्हता. प्रश्न एकच होता, आणि तो संध्याकाळी बाजेवर बसून कंबर चेपून घेत होता.

मी विचारलं तर अण्णा म्हणाले, "बघू."

आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही. पण या खेपेला मी हटले नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं, पाहुण्यांसमोर विचारलं. शेवटी अण्णा वैतागले आणि त्यांनी शब्द दिला.

"ताईच्या लग्नाचे पाकिटं तुझ्या त्या मशिनीनं काढून दाखव. नीट निघाले तर पाठवतो औरंगाबादला. गडबड झाली तर मंग गुमान बस, तुझ्यासाठीबी पाहुणे बघाय लागतो. बोल, कबूल?"

मी कबूल म्हटलं. पाकिटांवर नावं छापणं हे काय अवघड काम होतं? माझी बॅग मनातल्या मनात भरून झाली.

इथं आमच्याकडच्या आवतणाची रीत सांगायला हवी, नाही तर पुढचं कळायचं नाही. लग्नाचं आवतण तीन तऱ्हांचं. पहिलं चूलबंद. म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, लेकराबाळांसकट, सालगड्यासकट सगळ्यांनी लग्नघरी यायचं. आणि नुसतं जेवायला नाही. चूलबंद घरानं सकाळीच हजर व्हायचं आणि दिसेल त्या कामाला हात लावायचा. दुसरं घरटी एक, त्यात घरातल्या एकानं येऊन जेवून जायचं. आणि तिसरी नुसती पत्रिका. ती कळावं म्हणून, मान म्हणून. ती मिळालेला माणूस आलाच तर अक्षता टाकून, पान खाऊन जातो. कुणाला कुठलं आवतण, यात चूक झाली की पिढ्यान्‌पिढ्या निस्तरत बसावं लागतं.

अण्णा बाजेवर बसून नावं सांगायचे, मी लिहून घ्यायची. म्हटलं, अण्णा, मशीनला खूण लागेल, कोण कुठल्या तऱ्हेचं ते. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "घरटी एकवाल्याला चांदणी कर. नुसत्या पत्रिकेला फुली."

"आणि चूलबंदला?"

"त्याला कशाची खूण? ते आपलेच हैत. आपल्या माणसाला खूण करतेत का?"

मला ते पटलं. ज्यांची चूल बंद, त्यांच्यापुढची जागा मोकळी.

पहिलं नाव राजूरच्या गणपतीचं, कारण पहिली पत्रिका तिथं जाते. त्याला अर्थातच खूण नाही. मग भाऊबंद, सोयरे, आत्याचं गाव, मामाचं गाव. मग चांदण्या सुरू झाल्या. त्यात सकाळच्या अंबड गाडीचा कंडक्टर होता, जो माझ्यासाठी गाडी थांबवायचा. मग फुल्या. बाजारपेठेतले कापडवाले शेठजी, ज्यांच्याकडून आमचा सगळा बस्ता बांधला जायचा. त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून ते राजस्थानातून येऊन आमच्या गावात राहिले, पण जैन माणसं, कांदा-लसूण खात नाहीत, दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, म्हणून गावात कुणीच त्यांना जेवणाचं आवतण देत नसे. आमच्या सरांना फुली. आणि बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्यालाही फुली. त्याच्याशी अण्णांचं बोराच्या झाडावरून बिनसलं होतं. झाड आमच्या हद्दीत आणि बोरं त्याच्या, असं काहीतरी ते प्रकरण होतं.

प्रोग्रॅम मी एका दुपारी लिहिला. नाव घे, मागच्या मोकळ्या जागा छाट. गाव घे. मग खूण बघ. रिकामी असेल तर खाली छाप, "चूलबंद आवतण असे." नाही तर चांदणी असेल तर "घरटी एक." नाही तर फुली असेल तर काहीच छापू नको. इतकं सोपं. छापण्याआधी करून बघावं म्हणून मी आमच्याच घरातली नावं घातली. मोठे चुलते, आत्या, मामा, आजीच्या माहेरचे. सगळ्यांच्या पाकिटावर खाली झकास "चूलबंद" आलं. माझे सगळे आपले लोक बरोबर निघाले, म्हणजे प्रोग्रॅम बरोबर. मी तर सरांनाही दाखवलं नाही. मला सगळं येत होतं ना!

मग छपाई. ते प्रिंटर करवतीसारखं किरकिरायचं आणि पाकिटं एकेक करून हातानं सारावी लागायची. सारून सारून माझी बोटं काळी झाली. गठ्ठे घरी आले तेव्हा आईनं आणि चुलतीनं ताबडतोब हळद-कुंकू कालवलं आणि प्रत्येक पाकिटाच्या चारी कोपऱ्यांना बोटं लावली. खालची ओळ त्या बोटांखाली निम्मी झाकून गेली. वाटायला गेलेली पुरुषमंडळी वरचं नाव वाचायची आणि पाकीट द्यायची. अण्णांनी चार पाकिटं उलटीसुलटी करून पाहिली आणि आईला म्हणाले, "पोरीचं अक्षर चांगलंय." मला वाटलं, आता औरंगाबाद कुठं जात नाही.

लग्नाला आठवडा राहिला असताना कापडवाले शेठजी आमच्या घरी आले. ते कधी घरी येत नसत, आम्हीच दुकानात जायचो. पांढरं स्वच्छ धोतर, हातात आमचं पाकीट. अण्णांनी बाज झटकून त्यांना बसवलं. शेठजींनी पाकीट मांडीवर ठेवलं आणि त्यावरून हात फिरवत म्हणाले, "अण्णासाहेब, आमच्या बाईंनी हे वाचलं आणि मला दुकानातून बोलावून घेतलं. या गावात आमची तिसरी पिढी हाय. लग्नं बघितले, बारसे बघितले, पण चूल बंद ठेवा म्हणून कुणी म्हणलं न्हाई आम्हाला. आम्ही समदे येऊन राह्यलो. आमच्या खाण्याची काळजी करू नका, आमच्या बायका येतील सकाळीच, आमचं वेगळं पातेलं त्याच लावतील."

अण्णांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. ते म्हणाले, "या. बिलकुल या. तुमचंच घर हाय."

शेठजी गेल्यावर अण्णा माझ्याकडं वळले. मी दाराच्या चौकटीत उभी होते. अण्णांनी उरलेलं एक पाकीट मागितलं, कोपऱ्यावरची हळद अंगठ्यानं खरवडली आणि वाचलं. मग दुसरं. मग आणखी एक, तेही फुलीवाल्याचं. सगळ्यांवर तेच. म्हणजे वाटून झालेल्यांतही कंडक्टरला चूलबंद, सरांना चूलबंद, बांधाच्या शेजाऱ्याला चूलबंद. राजूरच्या गणपतीलाही होतं, पण ते तरी बरोबर होतं.

"आता हे परत घेता येतं का?" आई म्हणाली.

"दिलेलं आवतन परत घेतेत का कुठं?" अण्णा म्हणाले, आणि माणूस पाठवून आचाऱ्याला निरोप दिला की भांडी वाढव.

दुसऱ्या दिवशी आईकडून कळलं की लग्नानंतरच्या रविवारी परतूरचे पाहुणे मला बघायला येणार आहेत. शब्द म्हणजे शब्द. मी मागच्या खोलीत जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले. ताई येऊन शेजारी बसली. म्हणाली, माझ्या लग्नात सगळं गाव जेवणार, हे काय वाईट आहे का? मी म्हटलं, तू गप्प बस.

अंबडला जाऊन मी सरांसमोर प्रोग्रॅम उघडला. सरांनी एका नजरेत चूक धरली आणि कपाळावर हात मारला. ती भाषा दोन स्ट्रिंगा शेजारी ठेवते आणि डावीकडून एकेक अक्षर ताडून बघते. उजव्या हाताची स्ट्रिंग संपली की ती थांबते. तोवर फरक सापडला नसेल तर म्हणते, दोन्ही सारख्या. मी उजव्या हाताला काहीच ठेवलं नव्हतं, नुसती दोन अवतरणचिन्हं, आत रिकामं. मग ती सुरू व्हायच्या आधीच थांबायची, आणि फरक सापडला नाही म्हणून "हो" म्हणून मोकळी व्हायची. चांदणी असो, फुली असो, काहीही असो. आणि मी तपासून बघितलं ते फक्त आमच्या घरच्यांवर, ज्यांना खूणच नव्हती. रिकामं आहे का, असं विचारायला त्या भाषेत वेगळी आज्ञा होती. आमच्या वहीत ती होती. त्या दिवशी मी लाईट गेली म्हणून लवकर घरी गेले होते.

लग्नाच्या दिवशी उजाडायच्या आत अंगणात आवाज सुरू झाले. मी बाहेर येऊन बघते तर माणसंच माणसं. चूलबंद आवतण मिळालेली झाडून सगळी घरं रीतीप्रमाणे सकाळीच हजर. शेठजींच्या घरच्या बायका पाटावर पुऱ्या लाटत बसल्या होत्या. शेठजींच्या बाईंनी कांदा-लसूण नसलेल्या वरणाचं पातेलं वेगळं मांडलं आणि तिकडं कुणी झारा जरी नेला तरी त्या हटकायच्या. थोड्या वेळात त्या सगळ्यांनाच हटकायला लागल्या आणि आमचा आचारी, जो कुणाचं ऐकत नसे, त्यांना विचारून मीठ घालायला लागला. सर बायकोला घेऊन आले होते. त्यांना नारळ फोडायला बसवलं. कंडक्टर घरच्या झाडून सगळ्यांना घेऊन आला आणि त्यानं पंगतीची दारं ताब्यात घेतली. "पुढं सरका, पुढं सरका, मधी जागा हाय," असं म्हणत त्यानं पाच जणांच्या जागेत आठ जण बसवले.

आणि बांधाचा शेजारी आला बैलगाडीवर पाण्याची टाकी घेऊन. आमची विहीर उन्हाळ्यानं तळाला गेली होती, त्याच्या विहिरीला पाणी होतं. अण्णा दारात उभे होते. तो म्हणाला, "चूल बंद केलीया. पाणी कुठं ओतू?" अण्णांनी हात करून जागा दाखवली. तो दिवसभर खेपा करत राहिला. बोराच्या झाडाचा विषय कुणी काढला नाही.

अन्न कमी पडलं ते अगदी शेवटच्या पंगतीला, आणि तेव्हाही वरण-भात होताच. नवरदेवाकडच्यांनी तर शेठजींच्या पातेल्यातलं वरण मागून मागून खाल्लं. दिवस मावळायच्या आत शेठजींचं सगळं घर जेवून उठलं, आणि नंतर त्यांच्याच पोरांनी आमच्या पंगतीला वाढलं. ताई जाताना रडली, आई रडली, शेठजींच्या बाई सगळ्यांत जास्त रडल्या. त्यांची ताईशी ओळख तशी सकाळपासूनचीच.

मी मात्र नीट हसले नाही की रडले नाही. परतूरचा रविवार डोक्यात बसला होता. लग्न चांगलं झालं म्हणून माझी चूक काही बरोबर होत नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. अण्णांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

मांडव उतरवल्यावर एका सकाळी अण्णा अंगात सदरा घालून उभे राहिले. "चल अंबडला," म्हणाले. "ते कसं चुकलं ते दाखव मला." शेतात पाणी फुटलं की कुठून फुटलं ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, हेही तसंच. एसटीत ते पुढं बाप्यांमध्ये बसले आणि मी मागं. कंडक्टरनं आमच्याकडून उगाच अदबीनं तिकिटाचे पैसे घेतले.

क्लासच्या दारात अण्णांनी चपला काढल्या, धोतर सावरलं आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. सरांनी चहा सांगितला. मी निळ्या पडद्यावर यादी काढली. एकेक नाव आणि त्यापुढं माझ्या चुकीच्या प्रश्नाचं मशीननं दिलेलं उत्तर. सगळ्यांपुढं दोन टिंबांच्या मधे इंग्रजी टी.

"टी म्हणजे काय?"

"खरं. म्हणजे हा आपला माणूस आहे, असं ती म्हणते. सगळ्यांनाच म्हणते. हीच चूक."

अण्णा पडद्यावर बोट टेकवत खाली खाली वाचत गेले. आत्या, टी. मामा, टी. कंडक्टर, टी. शेठजी, टी. बांधाच्या शेजाऱ्याच्या नावावर बोट जरा थांबलं, मग पुढं गेलं. पूर्ण यादी वाचून होईस्तोवर चहा गार झाला.

"आणि आता दुरुस्त केलंस म्हणली ते?"

मी नवी आज्ञा घातली आणि तीच यादी पुन्हा काढली. आता घरच्यांपुढं टी राहिला आणि चांदणी-फुलीवाल्यांपुढं एफ आला. एफ म्हणजे खोटं, मी सांगितलं. मला आतून जरा बरं वाटत होतं, निदान दुरुस्ती तरी अचूक झाली होती. अण्णा मात्र पुढं वाकून बघायला लागले.

"शेठजीला एफ?"

"हो अण्णा. फुली होती ना."

"ह्याला?" बोट बांधाच्या शेजाऱ्यावर होतं. "सकाळधरनं पाणी वाहून राह्यलता त्यो. ह्याला बी खोटं म्हणते ही?"

"तुम्हीच फुली सांगितली होती."

"मी सांगितली व्हती," अण्णा म्हणाले. ते खुर्चीत मागं टेकले. सर खिडकीशी जाऊन उगाच पडदा सारखा करत राहिले. मला वाटलं, झालं, आता घरी.

"हे चुकलंय आता," अण्णा म्हणाले. "पाकिटं छापले तव्हा नीट व्हतं."

मी काही बोलणार तेवढ्यात ते सरांकडं वळले आणि बाजारात बियाण्याचा भाव विचारावा तशा आवाजात म्हणाले, "औरंगाबादचं ते कधी चालू व्हतं म्हणले तुम्ही?"

सर काहीतरी तारखा सांगत होते. मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती पुसायला हाताशी फक्त मशिनीचा फुलाफुलांचा अभ्रा होता, तर मी त्यानंच पुसली. इतका आनंद मला पुढं नोकरी लागली तेव्हाही झाला नाही. अण्णांनी माझ्याकडं बघायचं टाळलं आणि गार चहा एका घोटात संपवला.

खाली उतरल्यावर स्टँडकडं जाण्याऐवजी ते समोरच्या एसटीडी बूथमध्ये शिरले. खिशातून चिठ्ठी काढून परतूरचा नंबर लावायला सांगितला. मी काचेबाहेर उभी होते, पण अण्णा फोनवर नेहमी शिवारात हाक मारल्यासारखे बोलायचे, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"रविवारी पोरगी बघाय येऊ नका," ते म्हणाले. "पोरगी औरंगाबादला चाललीय शिकायला. हां. न्हाई, न्हाई, तसं काही न्हाई." मग ते थांबले. तिकडून कुणी काही विचारत असावं. अण्णांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"या की मंग," ते म्हणाले. "पोरगी बघाय न्हाई. असंच या, जेवायला. घरातले समदे या."